वाळवंटातलं उपाशी पाणी : क्वात्रो सिएनेगास
मेक्सिकोच्या उत्तरेला कोआविला राज्यात क्वात्रो सिएनेगास नावाची एक नगरपालिका आहे. लोकसंख्या जेमतेम 13 हजारांच्या आसपास, पण क्षेत्रफळ एवढं की आपले दोन गोवे आरामात मावतील आणि वर जागा उरेल. म्हणजे माणसं कमी आणि चिवावाचं वाळवंटच जास्त. वर्षाला पाऊस 200 मिमीच्या आसपास, आजूबाजूला चुनखडकाचे बोडके डोंगर, आणि मधल्या खोऱ्यात निळ्याशार पाण्याची शेकडो कुंडं. तिकडे त्यांना पोझा म्हणतात.

आता एवढ्या कमी पावसात एवढं पाणी आलं कुठून? तर डोंगरांचा हा चुनखडक डायनासोरच्या काळातल्या समुद्रात तयार झालेला, त्याला भरपूर भेगा, त्यामुळे डोंगरावर पडलेलं पाणी वाहून न जाता आत मुरतं, खोलवर फिरतं, तिथे गरम होतं आणि खोऱ्याच्या तळाशी झरे होऊन वर येतं. काही कुंडांमध्ये तर हिवाळ्यातसुद्धा पाणी कोमट असतं. वाटेत ते जिप्सम, म्हणजे गंधक असलेलं एक खनिज, विरघळवत येतं. मग तळी आटली की जिप्समचे स्फटिक मागे राहतात, वारा ते उडवून नेतो आणि पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या बनतात. जिप्सम पाण्यात विरघळतं, त्यामुळे अशा टेकड्या जगात फार थोड्या ठिकाणी टिकतात.

पण खरी गंमत पाण्यात काय आहे यापेक्षा काय नाहीये यात आहे. या पाण्यात फॉस्फरस जवळजवळ नाहीच! फॉस्फरसशिवाय डीएनए बनत नाही, सहसा पेशीचं आवरणही बनत नाही, म्हणजे इथे शेवाळ माजायला खतच नाही. म्हणून पाणी इतकं नितळ. आणि म्हणूनच इथे स्ट्रोमॅटोलाइट टिकलेत, म्हणजे सायनोबॅक्टेरियांनी (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या बॅक्टेरियांनी) थरावर थर चढवून बांधलेले जिवंत दगड. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत यांचे जीवाश्म सापडतात, पण आज जिवंत स्ट्रोमॅटोलाइट मोजक्याच जागी उरलेत, कारण बाकी ठिकाणी शेवाळ त्यांना झाकून टाकतं नाहीतर गोगलगायी खाऊन फस्त करतात.

बॅक्टेरियांनी उपासमारीवर काढलेला जुगाड तर भन्नाट आहे. इथे सापडलेल्या बॅसिलस कोआविलेन्सिसचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा आराखडा, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दिसलं काय, तर हा पठ्ठ्या पेशीच्या आवरणात फॉस्फरसवाल्या स्निग्ध पदार्थाऐवजी गंधकवाला वापरू शकतो, गंधक तर इथे जिप्सममुळे मुबलक. आणि त्यासाठी लागणारा जीन त्याने सायनोबॅक्टेरियांकडून उचललेला दिसतो! मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या वालेरिया सोउसा अनेक वर्षं या सूक्ष्मजीवांच्या मागे आहेत, आणि पृथ्वीवरचं किंवा मंगळावरचं आदिम जीवन कसं असेल याचा अंदाज बांधायला नासालाही या जागेत रस आहे.

मोठे जीवही काही कमी नाहीत. 1958 पासून डब्ल्यू. एल. मिंकली नावाचे जीवशास्त्रज्ञ इथले मासे शोधत फिरले, त्यांच्या नावाचा एक मासा आहे, हेरिक्थिस मिंकलेई. या माशाला घशात दातांचा आणखी एक संच असतो, काहींचे ते दात बारीक टोकदार, तर काहींचे दाढांसारखे जाड, गोगलगायीचं कवच फोडायला. दोघं वेगळ्या जातीचे वाटतात ना? पण एकाच मासोळीच्या पिल्लांत दोन्ही प्रकार निघतात. शिवाय एक कासव आहे, बॉक्स टर्टल कुळातलं. या कुळातली बाकीची कासवं जमिनीवर राहतात, हे एकटं पाण्यात, आणि जगात फक्त याच खोऱ्यात.

1994 मध्ये सरकारने 84 हजार हेक्टरांहून जास्त भाग संरक्षित केला. पण रेषा नकाशावर, पाणी जमिनीखाली. खोऱ्यातून पाणी बाहेर नेणारे कालवे आधीपासूनच आहेत, आणि वर वाळवंटात पिकवतात काय तर लसूणघास, गुरांचा चारा. ज्याने ती घेतलीय त्याला माहितीय ती किती पाणी पिते. चुरिंसे नावाची कुंडं आणि तळ्यांची रांग तर आटून गेली, आणि वर सांगितलेला तो गंधकवाला बॅक्टेरिया तिथलाच. शेतकऱ्याला शिव्या देणं सोपं आहे, पण एवढ्या कोरड्या भागात त्याला दुसरं पीक आणि ठिबक कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

तिकडे जायचा योग आलाच तर पोहायला रिओ मेस्कितेस नदी आहे, पोझा अझुल म्हणजे ते प्रसिद्ध निळं कुंड फक्त काठावरून बघायचं. आणि पाण्यात उतरणार असाल तर सनस्क्रीन फासून उतरू नका, इथल्या जिवांना ते झेपत नाही.