तांड्यावरची गोरबोली आणि जनगणनेतला रकाना

चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिणेला, पाटणादेवीपासून कन्नड घाटापर्यंत डोंगराच्या पायथ्याला लमाणांचे, म्हणजे बंजारा समाजाचे, तांडे आहेत. पाचोरा-जामनेरकडेही आहेत. बाजाराच्या दिवशी तांड्यावरची माणसं अहिराणी बोलतात, कचेरीत मराठी, गुजरातेत ऊसतोडीला गेली तर कामापुरती हिंदी. घरात मात्र गोरबोली. आपल्या माणसाला ते 'गोर' म्हणतात, बाहेरच्याला 'कोर', आणि कोर माणूस ओट्यावर आला की बोलणं लगेच मराठीत वळतं. म्हणून शेजारच्या गावात जन्म गेलेल्या माणसालाही या भाषेचा अंदाज नसतो.

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या या लोकांचं खानदेशातलं येणंजाणं मोगलांच्या दख्खन मोहिमांइतकं जुनं. बुऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे निघणाऱ्या फौजांची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली आणि वाहतुकीचा धंदा बसला. फिरते तांडे डोंगरकडेला, मिळेल त्या हलक्या जमिनीवर थांबले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे अनेक ठिकाणी लमाणांवरही बसला. तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. गावापासून लांब राहणं या लोकांनी हौसेनं पत्करलं नव्हतं, पण भाषा टिकली ती त्या लांबपणामुळेच.

पुढचा गुंता कागदावरचा आहे, आणि ही भाषा सरकारी नोंदीत कुठे मोजायची या आजच्या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. इंग्रजांच्या काळात देशभर भाषांची पाहणी झाली. तिचा जो भाग १९०७ साली छापला गेला त्यात भिल्ली बोली, खानदेशी (म्हणजे अहिराणी) आणि बंजारी-लभाणी (म्हणजे गोरबोली) एकाच पुस्तकात आहेत. म्हणजे चाळीसगावच्या बाजारात ज्या दोन भाषा समोरासमोर भेटतात, त्या त्या पुस्तकातही शेजारीच होत्या. स्वातंत्र्यानंतर त्यांची ताटातूट झाली. १९६१ च्या जनगणनेत मातृभाषांची १,६५२ नावं नोंदली गेली होती. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा वेगळ्या दाखवणं बंद झालं आणि उरलेल्या नावांची मोठ्या भाषांखाली बांधाबांध झाली. अहिराणी मराठीत न जाता 'खानदेशी' या स्वतंत्र भाषेत राहिली. २०११ मध्ये खानदेशीची संख्या १८ लाख ६० हजार. गोरबोली मात्र हिंदीच्या पोटात गेली. राजस्थानी बोली हिंदीत मोजायच्या असं ठरलं, ही राजस्थानी वळणाची, म्हणून हीही हिंदीत.

त्यातही ती एका नावानं गेली नाही. २०११ च्या तक्त्यात हिंदीखाली 'बंजारी' १५ लाख ८१ हजार आणि 'लमाणी/लंबाडी' ३२ लाख ७६ हजार, अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. प्रगणकाला ज्यानं जे नाव सांगितलं ते त्या ओळीत गेलं. बेरीज केली तर ४८ लाखांवर जाते, स्वतंत्र भाषेचा मान मिळालेल्या खानदेशीच्या अडीचपटीहून जास्त. एवढी माणसं बोलतात ती भाषा अनुसूचित २२ भाषांत नाही आणि बिगर-अनुसूचित ९९ भाषांतही नाही. घाटाखालच्या तांड्यावरच्या म्हातारीशी कुणी हिंदीत बोलून पाहावं. ती हिंदीभाषक कशी, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुठल्या तांड्यावर विचारावंसं वाटलं असेल असं दिसत नाही.

हा नुसता आकड्यांचा प्रश्न नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं असं कलम आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत मातृभाषा असावी असं म्हटलं आहे. कागदावर तांड्यातल्या पोराची मातृभाषा हिंदी ठरली, तर त्याचं गोरबोलीतलं पहिलीचं पुस्तक कोण मागणार आणि कोण देणार? आश्रमशाळा आल्या, त्यांनी पोरं शिकवली, हे खरंच मोठं काम आहे. पण त्या मराठीच्या. १९६३ ते १९७५ राज्याचं मुख्यमंत्रिपद याच समाजातल्या वसंतराव नाईकांकडे होतं, तरी शाळेच्या दारातून ही भाषा आत गेली नाही. लिपीचाही घोळ आहे. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कानडीत, तेलंगणात तेलुगूत. इथे छापलेली गोरबोली तिकडच्या गोरमाटी (बंजारा) माणसाला वाचता येत नाही.

मग ती टिकली कशी? माझ्या मते बायकांमुळे, आणि वर्षातल्या काही ठरावीक दिवसांमुळे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या नवराबायकोच्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास परततात. होळी नेमकी हंगामात येते, त्यामुळे लेंगी (होळीची गाणी) गाणारे निम्मे गळे उसाच्या फडावर असतात. श्रावणात मात्र तांडा भरलेला असतो. तीज तेव्हाच येते. पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि नऊ दिवस गाणी म्हणतात. ती गाणी मराठीत होत नाहीत. लग्नात नवरीनं गायचा ढावलो म्हणजे माहेर सोडतानाचं गाऊन रडणं. तोही आईकडून लेकीकडेच जातो. अलीकडे डीजेच्या आवाजात ढावलो ऐकू येईनासा झाला आहे, ही हानी मला पाठ्यपुस्तक नसण्याइतकीच मोठी वाटते. हंगामात आजीआजोबांजवळ मागे ठेवलेली पोरं अजून पक्की गोरबोली बोलतात. आईबापांबरोबर फडावर गेलेल्यांची शाळा बुडते. हंगामी वसतिगृहात राहिलेल्यांची शाळा सुरू राहते, पण दिवसभर मराठी कानावर पडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये निजामाच्या राज्यातल्या नोंदी असलेल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाला अनुसूचित जमातींत घ्यावं, या मागणीनं जोर धरला. खानदेशात तिची वेगळीच अडचण आहे. घाटावरचं कन्नड निजामाच्या राज्यात होतं, घाटाखालचं चाळीसगाव मुंबई इलाख्यात. एकाच सोयरीकीतली, एकच भाषा बोलणारी घरं त्या सरहद्दीच्या दोन बाजूंना आहेत. जमात ठरवण्याच्या १९६५ पासूनच्या निकषांत वेगळी संस्कृती हा एक निकष आहे, आणि ते वेगळेपण दाखवायला भाषेइतकं उघड दुसरं काही नाही. नेमकी तीच सरकारी तक्त्यात हिंदी म्हणून बसली आहे.

पुढची लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणकानं घरच्यांनी सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहायचं असतं. त्यामुळे आता चर्चा एकाच नावाची आहे. 'बंजारी' म्हणावं तर मराठी बोलणाऱ्या वंजारी समाजाशी गल्लत होते, 'लमाणी' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, 'गोरमाटी' हे माणसांचं नाव. 'गोरबोली' सांगावं असं तरुण म्हणतात. पण नवं नाव सांगितलं तर ती तिसरी ओळ होऊन संख्या आणखी फुटेल, ही जुन्या कार्यकर्त्यांची भीतीही खोटी नाही.