ॲडिपोनेक्टिन

चरबीच्या पेशींतून रक्तात मिसळणारे एक प्रथिनस्वरूप संप्रेरक. यकृत आणि स्नायू इन्शुलिनला किती दाद देतात, हे काही अंशी त्यावर ठरते. माणसातील या प्रथिनाची साखळी २४४ ॲमिनो आम्लांची असून त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. १९९५-९६ मध्ये अमेरिका व जपानमधील चार गटांना ते स्वतंत्रपणे सापडले. तोवर चरबीकडे निव्वळ साठवणीचे कोठार म्हणून पाहण्याची सवय होती. १९९४ मध्ये लेप्टिन या चरबीतूनच येणाऱ्या, भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या शोधाने ती मोडायला सुरुवात झाली होती.

रक्तात दर मिलिलिटरमागे साधारण ३ ते ३० मायक्रोग्रॅम ॲडिपोनेक्टिन असते. संप्रेरकांच्या हिशेबात हे प्रमाण प्रचंडच म्हटले पाहिजे. इन्शुलिनच्या ते हजारो पट भरते. रेणू एकेकटे फिरत नाहीत. तीन, सहा किंवा त्याहून अधिक रेणूंचे जुडगे होते आणि इन्शुलिन-संवेदनशीलतेशी सर्वांत जवळचा संबंध मोठ्या जुडग्यांचा दिसतो.

चरबी वाढली की तिच्यातून येणारे संप्रेरकही वाढावे, ही स्वाभाविक अपेक्षा. लेप्टिनचे तसेच होते. ॲडिपोनेक्टिन मात्र स्थूल व्यक्तीत कमी आढळते, विशेषतः चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली असेल तर. फुगलेल्या मेदपेशींभोवती दाह सुरू होतो आणि त्यातील टीएनएफ-अल्फासारखी द्रव्ये त्याची निर्मिती दाबतात.

त्याचे दोन ग्राही, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश टिपणारी प्रथिने, टोकियोतील संशोधकांनी २००३ मध्ये ओळखले. पहिला स्नायूंत ठळक, दुसरा यकृतात. स्नायूंत एएमपीके हे विकर जागे होऊन मेदाम्ले जाळली जातात आणि ग्लुकोज आत घेतले जाते. यकृतात नवी साखर तयार होण्यावर लगाम बसतो. ग्राहींमुळे सेरामाइड नावाच्या मेदद्रव्याचे विघटनही होते. सेरामाइड साचले की इन्शुलिनचा संदेश पेशीच्या आत अडतो, म्हणून हा मार्ग महत्त्वाचा.

सर्वांत बोलका पुरावा उंदरांचा आहे. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत ॲडिपोनेक्टिन वाढवले, तेव्हा ते आणखी लठ्ठ झाले, पण त्यांची साखर सुधारली. चरबी त्वचेखाली गेली, यकृत मोकळे राहिले. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषधही थोडेफार असेच वागते: ॲडिपोनेक्टिन वाढते, साखर उतरते आणि वजन मात्र चढते.

नागपुरात ‘शुगर’ निघालेला प्रत्येक जण जाड नसतो. हातपाय काटकुळे, पट्ट्यावर सुटलेले पोट आणि वजन तक्त्यात बसणारे, अशी मंडळी ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत नवी नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या सहकाऱ्यासोबत स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातील चरबी त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दक्षिण आशियाई लोकांत त्याच बीएमआयच्या युरोपीयांपेक्षा ॲडिपोनेक्टिन कमी आढळते, हे याच चित्राशी जुळते. त्यामुळे भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात. तो टेप कोणत्याही दवाखान्यात मिळतो.

वजन बऱ्यापैकी उतरले की ॲडिपोनेक्टिन वाढते. उलट अंबाझरी तलावावर नियमित फेऱ्या मारणाऱ्याचे वजन हलले नाही तरी स्नायू इन्शुलिनला अधिक दाद देऊ लागतात, आणि तो सगळा फायदा या संप्रेरकाच्या खात्यावर मांडता येत नाही.

धंतोली-रामदासपेठेतल्या प्रयोगशाळांत मधुमेहासाठी नेहमी होतात त्या उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) या तपासण्या. ॲडिपोनेक्टिन मोजता येते, पण त्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पातळी कमी असणाऱ्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक, हे अनेक पाहण्यांत दिसले. पण जनुकीय अभ्यासांनी कमी पातळी हे कारण की परिणाम, याबद्दल शंका उभी केली. शिवाय हृदय निकामी होत असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णांत वाढलेली पातळी अधिक मृत्यूंशी जोडलेली आढळते.