दूध तपासनीस व्हायचंय? प्रशिक्षणाच्या वाटा, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

गावच्या दूध संस्थेत रांगेतल्या प्रत्येक किटलीचा दर दोन आकड्यांवर ठरतो, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. त्याखाली पॉइंट गेला की कपात. हे आकडे काढणारा माणूस म्हणजे टेस्टर. त्याचा हात चुकला तर एखाद्या घराचं महिनाभराचं गणित चुकतं. तरीही अनेक ठिकाणी हे काम 'मशीनमध्ये कप लाव, बटण दाब' एवढ्याच शिकवणीवर सोपवलेलं असतं. ज्यांना ते नीट शिकून, हातात प्रमाणपत्र घेऊन करायचं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गावच्या सहकारी संस्थेत टेस्टरची नेमणूक संस्थेचं संचालक मंडळ करतं. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोकरी पक्की, असं नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

पहिली वाट: दूध संघाचं प्रशिक्षण

संस्था ज्या संघाला दूध घालते, त्या संघाकडे सचिव आणि टेस्टर यांच्यासाठी प्रशिक्षणाची सोय असते. काही संघ स्वतःच्या केंद्रात शिकवतात, काही बाहेरच्या संस्थेत पाठवतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची प्रशिक्षण केंद्रंही आहेत. मेहसाण्याची मानसिंह प्रशिक्षण संस्था त्यांपैकी एक आहे, शिवाय जालंधर, सिलिगुडी आणि इरोड इथे प्रादेशिक केंद्रं आहेत. इथे वैयक्तिक अर्जापेक्षा संस्थेमार्फत गेलेलं नाव चालतं. म्हणून सुरुवात संस्थेच्या सचिवांपासून करायची. संचालक मंडळाचा ठराव, संस्थेच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि फोटो एवढी जुळवाजुळव केली की संघाच्या संकलन किंवा विस्तार विभागाकडे प्रस्ताव देता येतो. शिक्षणाची अट संघागणिक बदलते. ठराव होण्याआधीच विभागात फोन करून ती विचारून घ्या.

माझ्या मते गावात काम करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात उपयोगी वाट आहे, कारण रोज ज्या यंत्रावर बसायचं, त्यावरच इथे शिकवतात.

दुसरी वाट: कौशल्य भारतमधलं प्रमाणपत्र

भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांमध्ये गावपातळीवरच्या दूध संकलन केंद्राच्या प्रभारीसाठी अभ्यासक्रम आहे. दुधाची तपासणी हा त्यातला मोठा भाग. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात नव्याने शिकणाऱ्यांच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी वय १५ ते ४५ ठेवलं आहे. आधीपासून काम करणाऱ्यांच्या पूर्वज्ञानाला मान्यता देणाऱ्या गटासाठी ते १८ ते ५९ आहे. शिक्षणाची किमान अट अभ्यासक्रमावर अवलंबून असते. ती राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाच्या नावासमोर दिलेली असते.

दहा-पंधरा वर्षं संस्थेत टेस्टर असलेल्यांनी पूर्वज्ञानाच्या गटाकडे आवर्जून पाहावं. यात पूर्ण अभ्यासक्रम नव्याने करावा लागत नाही. थोडी उजळणी आणि मग मूल्यमापन. काम येतं पण कागद नाही, अशांसाठीच ही सोय आहे, आणि खेड्यात अशी माणसं पुष्कळ आहेत.

अर्ज असा करायचा. 'स्किल इंडिया डिजिटल हब'च्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा आणि आधारवरून केवायसी पूर्ण करा. मग कृषी क्षेत्र आणि आपला जिल्हा निवडून केंद्र व बॅच शोधा. जिल्ह्यात बॅच दिसत नसेल तर जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पुरेशी नावं जमली की बॅच उघडण्याची शक्यता वाढते, म्हणून आसपासच्या संस्थांतल्या टेस्टरांनी एकत्र जाणं चांगलं. शेवटी परीक्षा घ्यायला शिकवणाऱ्या केंद्राबाहेरचा मूल्यमापक येतो. या योजनेतल्या प्रशिक्षणाला उमेदवाराकडून फी घेतली जात नाही.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी छोटी आहे. आधार, शेवटच्या इयत्तेची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. पूर्वज्ञानाच्या गटासाठी संस्थेचं अनुभवपत्रही घेऊन ठेवा. त्यात कामाचा काळ आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं, नुसतं 'आमच्याकडे काम करतात' नको.

अर्ज अडतो तो बहुतेक दोन ठिकाणी. एक, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येतच नाही. दोन, नाव जुळत नाही. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच स्पेलिंग. प्रमाणपत्रावर आधारवरचं नाव येतं. म्हणून आधार आणि पासबुक आधी एकसारखं करून घ्या आणि जुन्या गुणपत्रिकेसोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा. आधार केंद्रावरची दुरुस्ती त्याच दिवशी लागू होत नाही. बॅचची तारीख कळल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आजच उरका. गोठा, धारा, दूध घालणं हे सगळं बायकाच करतात आणि तपासणीच्या खुर्चीवर मात्र त्या क्वचित दिसतात. निदान कागदाच्या एका ओळीमुळे त्यांची संधी जाऊ नये.

तिसरी वाट: अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा 'फॉस्टॅक' हा कार्यक्रम आहे, त्यात दूध आणि दुग्धजन्य पदार्थांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. स्वच्छता, भेसळ आणि नोंदी यांवर त्याचा भर असतो. फॅट काढायला तो शिकवत नाही, त्यामुळे टेस्टरचं मूळ प्रशिक्षण म्हणून तो धरू नका. त्याला फी असते. शीतकरण केंद्रात किंवा डेअरीत काम करायचं असेल तर मात्र त्याचा उपयोग होतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणून डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखलाही फाइलमध्ये असू द्या.

बारावी झालेल्यांसाठी इग्नूची दुग्ध तंत्रज्ञान पदविका आहे. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची वरूड-पुसद आणि उदगीर इथली दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयं आहेत. सरकारी प्रयोगशाळेत अन्न विश्लेषक व्हायचं असेल तर पदवीशिवाय चालत नाही.

गोठ्यावर जाऊन करायचं काम

संकलन केंद्राबाहेरही दूध तपासणीचं एक काम आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. राष्ट्रीय गोकुळ अभियानातल्या संतती परीक्षण कार्यक्रमात दूध नोंदणी करणारी माणसं लागतात. ठरलेल्या गाई-म्हशींच्या गोठ्यावर महिन्यातून एकदा जायचं, कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावरून जनावर ओळखायचं, संध्याकाळची आणि सकाळची धार मोजायची आणि नमुना घ्यायचा. कुठल्या वळूच्या मुली जास्त दूध देतात, हे या नोंदींवरून ठरतं. अंदाजाने भरलेला एक आकडाही पुढच्या पिढीची निवड बिघडवतो. या कामासाठी कार्यक्रम राबवणारी संस्थाच माणसं नेमते आणि शिकवते. जिल्ह्यात असा कार्यक्रम चालू आहे का, ते पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयात किंवा दूध संघात विचारा.

प्रशिक्षण निवडताना काय विचारायचं

केंद्रात पहिला प्रश्न हा विचारा: फॅट काढायची गर्बर पद्धत प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला मिळते का? ब्युटिरोमीटर म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीत आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग काचेच्या कडेने हळूच १०.७५ मिलिलिटर दूध, त्यावर १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल, नंतर सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून वाचन. आम्लाचं काम असल्याने चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि हे फक्त पाहून येत नाही. संस्थेतल्या तपासणी यंत्रावर, म्हणजे ॲनलायझरवर, शंका आली की पडताळा याच पद्धतीने घेतात. ती न येणाऱ्या टेस्टरला यंत्राचं म्हणणं मान्य करण्यावाचून पर्याय उरत नाही.

दुसरा प्रश्न नमुन्याबद्दल. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर येतो. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागतं, तळातून घेतला तर कमी. धार काढल्या काढल्या दुधात हवा असते, तेव्हा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजायचं उपकरण, खरी डिग्री दाखवत नाही. ॲनलायझरच्या गाईसाठी लावलेल्या चॅनलवर म्हशीचं दूध तपासलं तर आकडा चुकतो. यंत्र रोज धुतलं नाही की आतला थर वाचन बिघडवतो. जिथे या गोष्टींवर तासभरही दिला जात नाही, तिथलं प्रमाणपत्र घेऊन काम येणार नाही.

भेसळीच्या चाचण्या त्यानंतर. स्टार्चसाठी आयोडीन, युरियासाठी डीएमएबी हे रसायन, सोड्यासाठी रोझॉलिक आम्ल. शिवाय दूध तापवून फाटतं का ते पाहण्याची साधी चाचणी आणि कासदाह ओळखण्याची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) शिकवत असतील तर केंद्र चांगलं समजा.

प्रमाणपत्र डिजिटल मिळतं. ते आल्यावर नावाचं स्पेलिंग आणि अभ्यासक्रमाचं नाव तपासा, क्यूआर कोड स्कॅन करून उघडतो का पाहा आणि चूक असेल तर प्रशिक्षण केंद्राला लगेच लेखी कळवा. एक छापील प्रत संस्थेच्या दप्तरी द्या आणि तिची पोच घ्या.