ओम्बड्समन की सीक्यूसी? तक्रार कुणाकडे, माहिती कुणाला

इंग्लंडमध्ये आई-वडील हॉस्पिटलमध्ये किंवा केअर होममध्ये असताना काही वाईट घडलं, की आपल्या लोकांकडून पहिला सल्ला येतो तो असा: "सीक्यूसीला कळव, मग बघ कसे ताळ्यावर येतात." सल्ला देणाऱ्याची तळमळ खरी असते. लोक त्यावर विसंबून सीक्यूसीला पानभर लिहितात, आभाराची पोच येते, आणि मग वाट पाहणं सुरू होतं. आईचं नेमकं काय चुकलं याचं उत्तर काही येत नाही. कंटाळून शेवटी माणूस म्हणतो, इथे कुणी दाद घेत नाही. दाद घेणारी जागा असते, पण ती वेगळी असते आणि तिची मुदत तोवर सरत चाललेली असते. हे ऐकलं की मला फार हळहळ वाटते, कारण कागद योग्य दारात गेला असता तर कुणीतरी तो उघडून वाचला असता.

सीक्यूसी म्हणजे केअर क्वालिटी कमिशन. २००८ च्या हेल्थ अँड सोशल केअर कायद्याने ते स्थापन झालं आणि २००९ पासून कामाला लागलं. हॉस्पिटलं, जीपी सर्जऱ्या (फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने), दातांचे दवाखाने, केअर होम, घरी येऊन काळजी घेणाऱ्या एजन्सी या सगळ्यांची नोंदणी त्याच्याकडे असते. ते तपासणी करतं आणि दातांचे दवाखाने सोडून बहुतेकांना 'आउटस्टँडिंग', 'गुड', 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट', 'इनॲडिक्वेट' यांपैकी एक शेरा देतं. गंभीर गोष्ट आढळली तर ताकीद देतं, अटी घालतं, खटला भरतं आणि वेळ पडल्यास नोंदणीही रद्द करतं. हे सगळं त्या जागेबद्दल असतं. तुमच्या आईची फाईल घेऊन कोण चुकलं हे ठरवण्याचं काम त्याच्याकडे नाही. अपवाद एकच, मेंटल हेल्थ ॲक्टचा. त्या कायद्याखाली ज्यांना दाखल करून ठेवलंय, त्यांच्यावर वापरलेल्या अधिकारांबद्दलची तक्रार सीक्यूसी स्वतः तपासू शकतं.

ओम्बड्समन म्हणजे लोकांच्या तक्रारी तटस्थपणे तपासणारा अधिकारी. त्याचं काम नेमकं उलटं आहे. तिथे फाईल एकाच माणसाची असते. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, तक्रारींसाठी पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समन आहे. आरोग्यसेवेसाठी हे पद १९७३ पासून आहे, आणि त्यासाठी खासदाराची सही लागत नाही, आपण थेट जाऊ शकतो. सोशल केअरसाठी, म्हणजे कौन्सिल (स्थानिक प्रशासन) आणि केअर होमसाठी, लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन आहे. केअर होमचे पैसे तुम्ही पूर्ण स्वतःच्या खिशातून भरत असाल तरी त्याच्याकडे जाता येतं. ही सोय २०१० पासून झाली आणि आपल्यातल्या अनेकांना ती माहीत नसते. हॉस्पिटल आणि कौन्सिल दोघांनीही हात झटकलेले असतील, तर दोन्ही ओम्बड्समन मिळून एकच तपास करतात. कुठेही फी नाही.

या गोंधळाला एक जुनं कारण आहे, आणि ते समजलं की लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. २००४ ते २००९ या काळात एनएचएसच्या तक्रारीला मधली एक पायरी होती. हॉस्पिटलच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर फेरतपासणी हेल्थकेअर कमिशन करायचं, म्हणजे सीक्यूसीच्या आधीचं तपासणी मंडळ. जागा तपासणारे आणि गाऱ्हाणं ऐकणारे तेव्हा एकाच छपराखाली होते. १ एप्रिल २००९ पासून नवे नियम लागू झाले, ती पायरी गेली, आणि आता हॉस्पिटलनंतर थेट ओम्बड्समन. ज्यांनी तो काळ पाहिलाय, ते आजही सवयीने "तपासणीवाल्यांकडे जा" असंच सांगतात.

आता जवळून पाहू. समजा आईचा खुबा मोडलाय आणि ती वॉर्डात आहे. बेल टेबलावर ठेवलीय, तिचा हात पोचणार नाही अशी. रात्री तिने हाका मारल्या, कुणी आलं नाही, शेवटी ती स्वतःच उठायला गेली आणि पडली. सकाळी तुम्ही गेलात तेव्हा पाण्याचा ग्लासही बेलशेजारीच, तिच्या आवाक्याबाहेर होता.

हॉस्पिटलला जाणारी तक्रार अशी सुरू होईल: "१४ तारखेच्या रात्री, अंदाजे २ वाजता, माझी आई अमुक वॉर्डातल्या अमुक बेडवरून पडली. ती पडू शकते हे दाखल करताना नोंदवलं होतं का? बेल तिच्या हाताशी का नव्हती? रात्री वॉर्डात किती माणसं कामावर होती? आम्हाला ती पडल्याचं कधी आणि कुणी कळवलं?" प्रत्येक वाक्याला उत्तर द्यावं लागेल असं लिहायचं. शेवटी काय हवंय तेही सांगायचं: खुलासा, माफी, आणि पुढे काय बदलणार. हेच पत्र पुढे ओम्बड्समनकडे जाणार असतं, त्यामुळे रागाची चार वाक्यं कमी झाली तरी चालतील, तारीख आणि वेळ मात्र राहिलीच पाहिजे.

सीक्यूसीला जाणारा मजकूर निराळा असतो: "या वॉर्डात रात्री बेल रुग्णांच्या आवाक्यात नसते. शेजारच्या दोन बेडांवरही हेच पाहिलं. हाका मारल्या तरी कुणी येत नाही." यात आईची कहाणी थोडक्यात येते आणि वॉर्डाची सवय सविस्तर येते. पुढच्या तपासणीत कुठे पाहायचं हे त्यांना त्यातून कळतं.

आणखी दोन फरक आहेत, आणि आपल्या घरांत तेच सगळ्यात जास्त अडतात. सीक्यूसीला नाव न देता कळवता येतं, आणि आईची संमती लागत नाही. तक्रारीत तसं चालत नाही. आईच्या वतीने लिहीत असाल तर तिची लेखी संमती मागतात, ती देऊ शकत नसेल तर तुम्ही कोण आणि तिच्यासाठी का बोलताय हे पाहतात. आणि "तक्रार केली तर आईला आत त्रास देतील" ही भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, आपली माणसं त्यांच्या हवाली असतात. पण एनएचएसच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे रुग्णांच्या हक्कांच्या सनदेत, स्पष्ट लिहिलंय की तक्रार केली म्हणून पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही. हे वाक्य पत्रातच लिहावं. लिहिलेलं असलं की वाचणारा सावध होतो.

मुदतीचं नीट लक्षात ठेवा. घटना घडल्यापासून, किंवा ती कळल्यापासून, १२ महिन्यांत हॉस्पिटलकडे तक्रार पोचली पाहिजे. त्यांनी ३ कामकाजी दिवसांत पोच द्यायची असते आणि तपास कसा, किती दिवसांत करणार यावर तुमच्याशी बोलायचं असतं. ६ महिने झाले तरी उत्तर नसेल, तर का नाही हे लेखी कळवायचं. उत्तर असमाधानकारक असेल किंवा येतच नसेल, तर ओम्बड्समन. त्याच्याकडेही प्रकार कळल्यापासून साधारण १२ महिन्यांचीच अट आहे, सबळ कारण असेल तर ती शिथिल होते. सीक्यूसीला लिहिल्याने यातलं कुठलंही घड्याळ थांबत नाही. माझ्या मते या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

एनएचएसची तक्रार सेवा देणाऱ्याकडे करता येते किंवा त्या सेवेचे पैसे देणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, पण दोन्हीकडे नाही. जीपीच्या सर्जरीबद्दल तिथेच लिहायला अवघड वाटत असेल, तर बोर्डाकडे जावं.

ओम्बड्समनच्या हातात कोर्टाचा हुकूम नसतो. तो शिफारस करतो: माफी मागा, पद्धत सुधारा, इतकी रक्कम द्या. रकमेसाठी आरोग्याच्या ओम्बड्समनकडे ६ पायऱ्यांची मोजपट्टी आहे, सगळ्यात वरच्या पायरीवर १०,००० पौंड किंवा त्याहून जास्त. मोठ्या भरपाईचा मार्ग कोर्टाचा आहे आणि तो वकिलाकडून जातो. एखाद्या डॉक्टरची पात्रताच तपासायची असेल तर जनरल मेडिकल कौन्सिल, नर्सची असेल तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. मारहाण, उपासमार, पैसे काढून घेणं असं काही आत्ता चालू असेल, तर यातलं काहीच आधी करू नका. कौन्सिलच्या सेफगार्डिंग विभागाला (छळ होणाऱ्यांच्या संरक्षणाचा विभाग) आणि पोलिसांना फोन करा.

मग सीक्यूसीला लिहायचंच कशाला? स्टॅफर्डच्या हॉस्पिटलमध्ये काय झालं ते आठवा. २००५ ते २००९ या काळात तिथल्या वॉर्डांत म्हातारी माणसं तहानलेली, मळलेल्या चादरींत पडून होती. नातेवाईक तक्रारी करत होते. तरीही ते हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टला २००८ मध्ये फाउंडेशन ट्रस्टचा वरचा दर्जा मिळाला. ६ फेब्रुवारी २०१३ ला रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला, त्यात २९० शिफारसी होत्या. सुट्या सुट्या गाऱ्हाण्यांतून पूर्ण चित्र दिसायला हवं होतं, ते कुणी जोडून पाहिलं नाही. २०१४ च्या नियमांनुसार आता सीक्यूसीने मागितल्यावर कुठल्याही संस्थेला आलेल्या तक्रारींचा गोषवारा २८ दिवसांत द्यावा लागतो. म्हणून तुमची तक्रार संस्थेकडे लेखी नोंदलेली असणं सीक्यूसीच्याही कामाचं ठरतं. ती नोंदलेली नसेल तर गोषवाऱ्यात येणार कशी?

सीक्यूसीच्या शेऱ्यावर मात्र डोळे झाकून जाऊ नका. २०२४ मध्ये पेनी डॅश यांनी सीक्यूसीचाच आढावा घेतला, तेव्हा कित्येक जागांचा शेरा वर्षानुवर्षं जुना असल्याचं आणि काहींना कधीच शेरा मिळाला नसल्याचं समोर आलं. 'गुड'खालची तारीख पाहा.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तपासणी करणारे वेगळे आणि ओम्बड्समनही वेगळे.

आईला इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून अडून बसू नका. तक्रार तोंडीही करता येते. तशी केली की ती लिहून घेऊन त्याची प्रत तुम्हाला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मात्र तोंडी सांगितलेली गोष्ट लगेच पुढच्या कामकाजी दिवसापर्यंत तुमचं समाधान होऊन मिटली, तर ती औपचारिक तक्रार धरली जात नाही, म्हणून समाधान झालं नसेल तर तसं तेव्हाच सांगा. पत्र लिहायला मदत हवी असेल तर प्रत्येक कौन्सिलने एनएचएसच्या तक्रारींसाठी मोफत ॲडव्होकसी सेवा ठेवलेली असते. फोनवर "मराठी इंटरप्रिटर हवा" असं पहिल्याच वाक्यात सांगायचं, आणि प्रत हातात आली की आईला ओळ न् ओळ वाचून दाखवायची: ती जे बोलली तेच त्यात उतरलंय ना?