ओव्हरफ्लो पूल आणि इन्फिनिटी पूल: काठावरून सांडलेलं पाणी जातं कुठे?

काठोकाठ भरलेला पूल दिसला की त्याला सरसकट ‘इन्फिनिटी’ म्हटलं जातं. घरचा पूल बांधून घेताना मात्र हा शब्द जपून वापरावा. ओव्हरफ्लो आणि इन्फिनिटी यांचं खोदकाम, भिंती आणि पंप वेगळे असतात. काँक्रीट पडल्यावर एकाचा दुसरा करायचा, तर तोडफोड अटळ.

ओव्हरफ्लोमध्ये पाणी भोवतालच्या फरशीच्या पातळीला असतं. चारही बाजूंनी ते जाळीखालच्या गटारात पडतं, पाइपने बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीत, उतरतं आणि पंप-फिल्टरमधून तळाच्या इनलेटवाटे परत येतं. इन्फिनिटीत सहसा एकच काठ बाकीच्यांपेक्षा खाली ठेवतात. पाणी त्यावरून भिंतीच्या बाहेरच्या अंगाने खालच्या कुंडात ओघळतं. उरलेल्या तीन बाजूंना ते नेहमीसारखं काठाच्या 10-15 सेंटीमीटर खाली असतं. पलीकडे उतार, दरी किंवा मोठं पाणी असेल, तरच कडा नाहीशी झाल्याचा भास होतो. सपाट बागेत पलीकडे कुंपणच दिसणार. तिथे ओव्हरफ्लोच करावा.

आता लेव्हल. 8 × 4 मीटरचा, सरासरी 1.4 मीटर खोल पूल घ्या: सुमारे 45,000 लिटर. सगळं पाणी 4 तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं, तर पंपाला ताशी 11,000 लिटरच्या आसपास पाणी ओढावं लागतं. ओव्हरफ्लोत ते 24 मीटर काठावर पसरतं आणि थर हिशेबाने 2 मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे एक कोपरा 3 मिलिमीटर उंच राहिला तरी ती बाजू कोरडी पडते, तिथे पानं-धूळ साचते आणि तेलकट रेघ धरते. काठाचे दगड लेझर लेव्हलनेच बसवून घ्या. तेच पाणी इन्फिनिटीच्या 8 मीटर काठावरून गेलं तर थर साडेतीन मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणून तिथे थोडी चूक खपते.

इन्फिनिटीची खरी परीक्षा भिंतीची. बाहेरून मातीचा आधार नाही, आतून पाण्याचा पूर्ण दाब. ती आरसीसीची, स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब केलेलीच हवी, आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही अंगांना. बाहेरच्या टाइलवर पांढरे क्षार फुटू लागले, तर पाणी भिंतीत शिरतंय असं समजा. काठासाठी वेगळा पंप ठेवला आणि उंच बाजूला स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारी तोंडं) दिले, तर काठ बंद असतानाही पाणी गाळलं जातं.

सर्वात जास्त चुका टँकच्या मापात होतात. वरच्याच ओव्हरफ्लो पूलमध्ये पाच मोठी माणसं उतरली की सुमारे 350 लिटर पाणी बाहेर ढकललं जातं. लाटांसाठी एक सेंटीमीटर धरला तर 320 लिटर. पंप थांबल्यावर काठावरचा थर उतरतो, ते साठेक लिटर. फिल्टरचा 3 मिनिटांचा बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) आणखी 550 लिटर घेतो. झाले जवळजवळ 1,300. शिवाय सक्शन पाइपच्या तोंडावर कायम पाणी हवं, नाहीतर भोवरा होऊन पंप हवा ओढतो. म्हणून अशा पूलला 2,500 लिटरपेक्षा लहान टँक नको. इन्फिनिटीत हेच काम कुंड करतं. दिसायला छान म्हणून ते उथळ ठेवलं की गणित फसतं. लोक उतरले की पाणी ड्रेनमध्ये वाया जातं, बाहेर आले की काठ कोरडा पडतो आणि इनलेटमधून बुडबुडे येऊ लागतात.

टँक पूलपेक्षा खाली असल्याने परतीच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व लागतोच. तो नसेल तर वीज जाताच पूलचं पाणी उलट टँकमध्ये उतरून बाहेर सांडू शकतं. टँकमध्ये पाणी कमी झालं की पंप आपोआप बंद करणारा सेन्सरही त्याच वेळी बसवून घ्या.