थायरॉइडची गोळी आणि पोकळ हाडं

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये हल्ली एक सल्ला फिरतोय. "ती थायरॉइडची गोळी सोड बघ आधी, हाडं पोकळ होत्यात त्यानं." सल्ला मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून आलेला, आणि सोबत उपायही तयार: रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी. धन्याच्या पाण्यानं तहान भागते. ग्रंथी काम करेनाशी झाली असेल तर धने काही तिच्याऐवजी हार्मोन बनवून देत नाहीत. पण हाडांबद्दल जे म्हणतात ती निव्वळ थापही नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

थायरॉइड हार्मोनचा अतिरेक हाडांना बाधतो, हे डॉक्टरांना १८९१ पासून ठाऊक आहे. फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं या अतिरेकानं दगावलेल्या एका तरुणीच्या हाडांचं वर्णन केलं होतं: जणू किडीनं खाल्लेली.

ही कीड बाहेरची नसते. हाड सतत मोडत आणि नव्यानं घडत असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. मोडायचं काम ऑस्टिओक्लास्ट पेशीचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, त्यामुळे तिच्यात केंद्रकंही अनेक. ती हाडाला चिकटते, कडा घट्ट बंद करते आणि खालच्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळतात, उघडं पडलेलं कोलॅजेन, म्हणजे हाडातलं तंतुमय प्रथिन, कॅथेप्सिन-के हे विकर (एन्झाइम) कापून काढतं. दोन-तीन आठवड्यांत खड्डा तयार. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येतात, कोलॅजेनचा थर अंथरतात, त्यात हळूहळू क्षार भरतात. हे मात्र महिनोन् महिने चालतं. ड्रेनेजच्या पाइपसाठी उकरलेला रस्ता ज्यांच्या दारात आहे त्यांना वेगळं सांगायला नको: खोदाई चार दिवसांची, भरणी पावसाळ्यानंतरची.

निरोगी माणसात हे चक्र सुमारे २०० दिवसांचं असतं आणि जेवढं खणलं तेवढं भरलं जातं. हार्मोन जास्त झालं की एकाच वेळी जास्त ठिकाणी खोदाई सुरू होते आणि चक्राचा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. कात्री लागते ती मुख्यतः भरणीच्या वेळेला. दर चक्रामागं त्या जागचं साधारण दहा टक्के हाड परत येतच नाही.

खोदाईचा हुकूम कोण देतं? मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडतं, त्यात आयोडीनचे चार अणू. ऑस्टिओब्लास्टमधलं डीआयओ-२ हे विकर त्यातला एक काढतं आणि टी-३ बनतं. ते केंद्रकातल्या टीआर-अल्फा या ग्राहीला (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटून काही जनुकं चालू-बंद करतं. परिणामी रँक-एल हे प्रथिन वाढतं. ते ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींना भेटलं की त्या पिकतात आणि कामाला लागतात. रँक-एलला मधल्या मध्ये पकडणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिनही असतं; खोदाई किती व्हायची ते या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. म्हणजे खणणारीला बोलावणं जातं ते बांधणारीकडून!

यात पुन्हा टीएसएचची भानगड आहे. हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन थायरॉइडला कामाला लावतं; थायरॉइड हार्मोन कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की घटतं. टीएसएचचा ग्राही नसलेल्या उंदरांची हाडं विरळ होतात, असं २००३ मध्ये दिसलं. म्हणजे टीएसएच स्वतःच खोदाईला आवर घालत असावं. रुग्णात टी-३ वाढणं आणि टीएसएच घटणं एकदमच होत असल्यानं दोष कुणाचा किती, हा वाद मिटलेला नाही.

आता गोळी. तिच्यात तेच टी-४ असतं. उणीव भरण्यापुरता डोस असेल तर हाडांचं चक्र पूर्वपदावर येतं. गोळी सोडली तर तेच चक्र ७०० दिवसांपर्यंत लांबतं, म्हणजे जुनं, बारीक तडे गेलेलं हाड बदललंच जात नाही. धोका आहे तो डोस जास्त होण्यात: टीएसएच ०.१ च्या खाली, त्यात पाळी गेलेली, तर खुबा सांभाळायचा. थायरॉइडच्या कॅन्सरनंतर काहींचं टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. तिथं डॉक्टरांनी दोन्ही बाजू तोलून तसं ठरवलेलं असतं.

मंडळाच्या मांडवात टाच मशीनमध्ये ठेवून 'हाडांची मोफत तपासणी' होते, तिच्यावर निदान करू नये. त्यासाठी खुबा आणि मणक्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, लागतो. पण शिबिरातून येताना बाई कॅल्शियमची स्ट्रिप घेऊन येते, आणि गोम इथं आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि त्याच घोटात कॅल्शियम घेतलं, की कॅल्शियम टी-४ ला आतड्यातच अडकवून ठेवतं. टीएसएच वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात. दोन महिन्यांनी स्ट्रिप संपते, कॅल्शियम थांबतं, वाढीव डोस मात्र तसाच चालू राहतो. हाडांसाठी घेतलेल्या गोळीनं हाडंच झिजायला लागतात. म्हणून दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवायचं, कॅल्शियम सुरू केलं किंवा थांबवलं तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं, आणि डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं.