गळती इनटेकची की एक्झॉस्टची? जुन्या टर्बो ट्रकचं पॅकिंग उघडण्याआधी

भरलेली गाडी खंबाटकी चढताना ओढत नाही, मागे काळा धूर मारते आणि केबिनमधल्या बॉनेटखालून कसलासा आवाज येतो. एवढं ऐकलं की बरेच मिस्त्री सरळ डिझेल पंप उतरवून टेस्टिंगला पाठवतात. पंप कधीकधी दोषी असतोही. पण त्याआधी दोन जागा बघायला हव्यात, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका गॅस टर्बोकडे नेणारा भाग). त्यांची एकमेकांशी गल्लत होते, कारण दोन्हींचा परिणाम एकच. इनटेक गळला तर टर्बोने दाबलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचण्याआधीच निसटते. एक्झॉस्ट गळला तर टर्बो फिरवणारा गॅसच वाटेत बाहेर पडतो, म्हणजे हवा मुळातच कमी दाबली जाते. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून काळा धूर.

धूर नाही म्हणून गळती नाही, असंही धरून चालू नका. काही पंपांना इनटेक मॅनिफोल्डवरून बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेची, बारीक नळी येते. दाब कमी दिसला की असा पंप डिझेलही कमी सोडतो. मग गाडी नुसतीच सुस्त होते.

टाटाच्या जुन्या गाड्यांतलं कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी इंजिन घेऊ. यात पंप आणि इनटेक एका अंगाला, तर एक्झॉस्ट आणि टर्बो दुसऱ्या अंगाला. आवाज कुठल्या बाजूने येतो यावर अर्धा निकाल लागतो. उरलेला अर्धा आवाज कधी येतो यावर. एक्झॉस्टची गळती थंड इंजिन स्टार्ट केल्याकेल्या टक-टक करते, सिलिंडरच्या ठोक्याला धरून. इंजिन तापून मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) फुगलं की बऱ्याचदा ती मंदावते. इनटेकची गळती उलट वागते. आयडलिंगला चूप, आणि लोडवर बूस्ट चढला की शिट्टी किंवा फुस्स.

मग टॉर्च मारून डाग बघा. एक्झॉस्टच्या सांध्याशी काळीकुट्ट कोरडी काजळी पंख्यासारखी पसरलेली असते, बहुधा पहिल्या नाहीतर सहाव्या सिलिंडरपाशी. लांब मॅनिफोल्ड टोकांना सर्वांत जास्त सरकतो आणि तिथलेच बोल्ट आधी तुटतात. इनटेकच्या सांध्याशी मात्र तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते.

यूट्यूबवर पेट्रोल गाड्यांचे व्हिडिओ बघून कुणी इथे स्प्रे मारतं. पेट्रोल इंजिनात इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो, स्प्रे आत ओढला जातो आणि आरपीएम बदलतो. टर्बो डिझेलमध्ये बूस्ट असताना हवा बाहेर फेकली जाते, त्यामुळे ही युक्ती फुकट. आणि ईथर असेल तर धोक्याचीही.

खात्रीची परीक्षा साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद करून टर्बोच्या तोंडाचा एअर क्लीनरचा पाइप काढा. तिथे ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं घट्ट झाकण लावा आणि रेग्युलेटरमधून १५ पौंडांपर्यंत हवा सोडा. झाकण उडू शकतं, समोर उभं राहू नका. आता होज, क्लिपा आणि मॅनिफोल्डच्या कडेवर फेस मारत जा. बुडबुडे आले ती जागा. थोडी हवा व्हॉल्व्ह आणि रिंगांमधून निघून इंजिन ऑइलच्या झाकणाकडे फुसफुसते, तिला गळती समजू नका. बऱ्याचदा दोष मॅनिफोल्डचा नसतोच, होजची क्लिपच ढिली असते.

दोष क्लिपचा नसून पॅकिंगचाच (सांध्यातल्या गॅस्केटचा) निघाला, तर ६बीटीत इनटेकचं कव्हर उघडायला आधी नोझलला डिझेल नेणारे पाइप सोडावे लागतात. खरवडण्याआधी हेडच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कारण पॅकिंगचा तुकडा आत गेला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. कव्हरचे काही बोल्ट आरपार हवेच्या पोकळीत उघडतात. त्यांच्या आट्यांना सीलंट लावला नाही तर नवं पॅकिंग टाकूनही तिथून शिट्टी येते. पॅकिंगवर शिलिकॉनचा लपका मात्र नको. बोल्ट आवळण्याचा टॉर्क २४ न्यूटन-मीटर, मधून बाहेर. शेवटी नोझलकडचे नट ढिले करून डिझेलच्या पाइपांतली एअर काढा, पण गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

एक्झॉस्टला शिलिकॉन चालतच नाही, जळून जातं. तिथे पत्र्याचं पॅकिंग आणि ४३ न्यूटन-मीटर. मॅनिफोल्ड वाकलेला असेल तर लेथवाल्याकडून त्याचं तोंड सपाट करून घ्या. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. इनटेकचं काम किती वेळात उरकेल ते मिस्त्री आधी सांगू शकतो. एक्झॉस्टचा बोल्ट हेडमध्ये तुटला तर त्यावर नट वेल्ड करून तो फिरवायचा, आणि तरी नाही निघाला तर ड्रिल. तिथे वायद्यावर गाडी मागू नका.